भावाच्या केसपेपरवरचा एफ ६६.१

प्रश्न नागपूरच्या मानेवाड्यातून आला आहे. विचारणारी बँकेत नोकरी करते. तिने लिहिलंय ते थोडक्यात असं: 'माझा धाकटा भाऊ समलिंगी आहे. कॉलेजात असताना आईबाबांनी त्याला एका मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं होतं. परवा कपाट आवरताना तो जुना केसपेपर सापडला, त्यावर निदान म्हणून फक्त "एफ ६६.१" लिहिलंय. हा काय प्रकार? तो स्पर्धा परीक्षा देतोय, पुढे वैद्यकीय तपासणीत हे आडवं येईल का? आणि त्याची एक मैत्रीण पारलिंगी (ट्रान्सजेंडर) आहे. हार्मोन सुरू करायचे तर आधी मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र आणा, असं तिला सांगितलं. समलिंगी असणं आजार नाही म्हणता, मग तिला आजार आहे का? नसेल तर पत्र कशाला?'

आधी त्या कोडचं सांगते. एफ ६६.१ हा जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतला, तिच्या दहाव्या आवृत्तीतला, म्हणजे आयसीडी-१० मधला. माणसाला आपला लैंगिक कल काय आहे याबद्दल शंका नाही, पण तो वेगळा असता तर बरं असं त्याला वाटतं आणि बदलून घेण्यासाठी तो उपचार मागू शकतो, असं त्याचं वर्णन. गंमत म्हणजे त्याच गटाच्या सुरुवातीला स्पष्ट लिहिलंय की लैंगिक कल हा मुळात विकार मानायचा नाही. ती ओळ फारशी कोणी वाचली नाही, कोड मात्र पाठ झाला. अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात एफ ६६ हा अख्खा गटच नाही. तेव्हा तुमच्या भावाच्या कागदावर जे लिहिलंय ते निदान आज यादीतच उरलेलं नाही. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी अजून आयसीडी-१० चेच कोड लिहिले जातात, म्हणून असे कागद अधूनमधून समोर येतात.

हे निदान मुळात आलं कसं? अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९५२ मध्ये विकारांची आपली पहिली यादी, डीएसएम, काढली. तिच्यात समलैंगिकता समाजविघातक व्यक्तिमत्त्वाच्या सदरात टाकलेली होती. पुरावा म्हणाल तर तुरुंगातली माणसं आणि दवाखान्यात उपचाराला आलेली माणसं. जो दवाखान्याची पायरी चढलाच नाही, ज्याचं बरं चाललंय, त्याला कोणी तपासलंच नव्हतं. एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ते केलं. उपचाराची गरज नसलेले तीस समलिंगी आणि तीस भिन्नलिंगी पुरुष घेऊन त्यांच्या मानसिक चाचण्या केल्या आणि नावं झाकून ते निकाल तज्ज्ञांसमोर ठेवले. कोण कोणत्या गटातला हे तज्ज्ञांना ओळखता आलं नाही. हा अभ्यास १९५७ चा. यादीतून नाव निघायला त्यानंतर सोळा वर्षं लागली. मधल्या काळात, १९७२ मध्ये, जॉन फ्रायर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाला आपण समलिंगी आहोत हे स्वतःच्याच संघटनेच्या अधिवेशनात मुखवटा घालून, आवाज बदलून सांगावं लागलं होतं. डिसेंबर १९७३ मध्ये संघटनेच्या कार्यकारिणीने समलैंगिकता यादीतून काढली. विरोधकांनी सदस्यांचं मतदान मागितलं, तेही १९७४ मध्ये हरले. ५८ टक्के सदस्य निर्णयाच्या बाजूने होते. 'विज्ञान काय मतदानाने ठरतं का?' असं मला अजूनही सेमिनारमध्ये कोणीतरी ऐकवतं. मतदान निर्णय उलटवायला मागितलं होतं, हे सांगितलं की चर्चा सहसा चहाकडे वळते.

पण काढताना पूर्ण काढलं नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. 'समलिंगी असणं विकार नाही, पण त्याचा त्रास होत असेल तर तो विकार' अशी पळवाट ठेवली. डीएसएममध्ये ती स्वतंत्र निदान म्हणून, वेगवेगळ्या नावांनी, १९८७ पर्यंत राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता काढली आणि हीच पळवाट एफ ६६.१ म्हणून पुढे तीसेक वर्षं चालू ठेवली.

कागदावर ती वाजवी वाटते. त्रास होतोय म्हणणाऱ्याला मदत नको का करायला? आता ती ओपीडीत कशी चालते ते बघा. कारंज्याहून किंवा उमरेडहून वडील येतात, सोबत मुलाचे मामा, मुलगा मागे उभा. वडील म्हणतात, "मॅडम, काई गोळी-इंजेक्शन असन तं द्या, पण याले नीट करा. दिवाळीनंतर लग्न कराचं हाय याचं." मामा शहरातले असतात, ते जरा दबक्या आवाजात हार्मोनच्या तपासणीचं विचारतात. मुलाला मी विचारते, तुला काय वाटतं? तो वडिलांकडे बघतो आणि म्हणतो, "मलाही बदलायचंच आहे." झालं. एफ ६६.१ चा निकष पुरा झाला. मग मी सगळ्यांना बाहेर बसवते आणि दहा मिनिटं काहीच विचारत नाही. बोलायला लागला की तो लग्नाबद्दल बोलतो, आईच्या बीपीबद्दल बोलतो, बहिणीचं जमायचंय ते अडेल याबद्दल बोलतो, चौकातल्या पोरांबद्दल बोलतो. झोप लागत नाही, जेवण जात नाही, दोनदा मनात भलतं येऊन गेलं, हेही सांगतो. आवडणाऱ्या मुलाबद्दल बोलताना मात्र त्याचा चेहरा वेगळा असतो. त्रास आहे, खराच आहे. तो कलाचा त्रास म्हणून नोंदवला की उपचाराची दिशा चुकते. नैराश्य आहे, तर नैराश्य लिहा आणि त्याचे उपचार करा. परिस्थितीच्या ताणाने आलेली अस्वस्थता असेल, तर तसं लिहा. आजार काहीच नसेल, नुसता सल्ल्यासाठी आला असेल, तर आयसीडी-१० मध्ये त्यालाही झेड ७० असा साधा समुपदेशनाचा कोड आहे. तो वापरायला कोणी अडवलं नव्हतं.

चुकीच्या दिशेने गेल्यावर काय झालं, तेही कळू द्या. पुरुषांची चित्रं दाखवून विजेचे झटके देण्याचे प्रयोग भारतातही झाले आणि त्याचे अहवाल आपल्या मानसोपचाराच्या नियतकालिकांत छापूनही आले. पुढे झटके मागे पडले, पण मनोविकारावरच्या जड गोळ्या, कारण नसताना टेस्टोस्टेरॉन, 'लग्न करून टाका' हा सल्ला, हे चालू राहिलं. कल यातल्या कशानेही बदलत नाही. बदलतं ते वजन, झोप आणि डॉक्टरवरचा विश्वास. इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने समलैंगिकता विकार नाही हे २०१८ मध्ये जाहीर केलं, त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा कलम ३७७ बद्दलचा, सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल आला. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कल बदलण्याच्या 'उपचारां'वर बंदीचे आदेश दिले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं की असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणजे आज कोणी 'सहा महिन्यांत मुलगा नॉर्मल' म्हणून पैसे घेत असेल, तर त्याची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते. याच आयोगाने २०२४ मध्ये एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात स्त्रियांची समलैंगिकता अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यांत परत आणून बसवली होती आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच मागे घेतली, हेही नोंदवून ठेवते. आमच्या विद्यार्थ्यांनी एकाच आठवड्यात दोन्ही परिपत्रकं वाचली.

पालकांबद्दल एक सांगायचं राहिलं. पुष्कळांना आजाराचं नाव हवंच असतं. आजार म्हटला की संस्कार चुकल्याचा ठपका जातो आणि औषधाची आशा उरते. 'आजार नाही' हे माझं वाक्य ऐकून काही वडील सुटकेचा श्वास सोडतात. बरेच जण खचतात, कारण त्यांना वाटतं, मग याने मुद्दाम चालवलंय. या दुसऱ्या वडिलांशी बोलायला जास्त वेळ लागतो आणि तो द्यावा लागतो. त्यांच्यावर चिडून काही साधत नाही. छिंदवाडा रोडवरच्या चौकाला पागलखाना चौक म्हणणाऱ्या गावात ते मुलाला घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे आले, ही त्यांच्या परीने मोठीच गोष्ट असते.

आता मैत्रिणीचं. तिचा प्रश्न वेगळा आहे. भावाला दवाखान्याकडून काहीच नको होतं. तिला हवंय: हार्मोन, पुढे कदाचित शस्त्रक्रिया. आणि आधुनिक वैद्यकात नोंद असल्याशिवाय औषध लिहिता येत नाही, विम्याचा किंवा सरकारी योजनेचा दावा करता येत नाही. भावासाठी कोड पुसणं हाच उपाय होता. तिच्यासाठी कोड पूर्ण पुसला, तर उपचारही जातात. म्हणून तिचा कोड ठेवला आणि त्याची जागा बदलली. आयसीडी-१० मध्ये तो एफ ६४, म्हणजे मानसिक विकारांच्या प्रकरणात होता. आयसीडी-११ मध्ये तो एचए ६० झाला आणि लैंगिक आरोग्याच्या वेगळ्या प्रकरणात गेला; मनोविकारांशी त्याचा संबंध तोडला. त्याचं वर्णन एवढंच: जन्मतः ठरवलेलं लिंग आणि स्वतःला जाणवणारं लिंग यांत ठळक आणि टिकून राहणारी विसंगती. नुसतं वागणं-राहणं वेगळं आहे एवढ्यावर हे निदान करू नये, असंही तिथे लिहिलंय. अमेरिकेच्या डीएसएममध्ये मात्र २०१३ पासून याचं नाव बदलूनही ते मनोविकारांच्याच यादीत आहे, आणि तिथे निदानाला त्रास किंवा अडचण दाखवावी लागते.

ही त्रास दाखवण्याची अट साधी वाटते, पण तिने डॉक्टर आणि पेशंटमधलं बोलणं कसं बिघडवलं ते मी बघितलंय. पत्र माझ्या हातात आहे हे समोरच्या व्यक्तीला माहीत असतं. कोणत्या गोष्टीला पत्र मिळतं तेही, आधी जाऊन आलेल्यांकडून, कळलेलं असतं. मग प्रत्येकीचं बालपण सारखं व्हायला लागतं: चार वर्षांची असल्यापासून ओढणी घ्यायची, भातुकली खेळायची, आरशात बघवत नव्हतं, मुलगेच आवडतात. खरं आयुष्य असं एकसुरी नसतं. कोणी पस्तिशीत येऊन सांगते की लग्न झालंय, मूल आहे, बायकोवर प्रेमही आहे, पण आता हे शरीर पेलवत नाही. तिला बायकाच आवडत असतील तर तेही लपवावंसं वाटतं, आणि तिची भीती निराधार नव्हती. १९८० च्या डीएसएममध्ये पारलिंगी व्यक्तींचे गट त्यांना कोण आवडतं यावरून पाडलेले होते आणि एका ठरावीक साच्यातल्याच व्यक्ती 'खऱ्या' असं बरेच डॉक्टर धरून चालत. या सगळ्यात लपतं काय, तर नैराश्य, दारू, हातावरच्या जखमा. हे सांगितलं तर 'आधी हे बरं करून ये' म्हणून परत पाठवतील, असं वाटतं. जे मला कळायला सगळ्यात जास्त हवं, नेमकं तेच माझ्यापासून लपवलं जातं.

मी काय करते ते सांगते. पहिल्या भेटीतच म्हणते की तू मुलगी आहेस की नाही हे मी ठरवणार नाही, ते सिद्ध करू नकोस. मला बघायचंय ते एवढंच: हार्मोनने काय होईल, काय होणार नाही, काय परत फिरवता येणार नाही हे तिला कळलंय का, मूल हवं असेल तर वीर्य आधी गोठवून ठेवायला हवं, हे कोणी सांगितलंय का, तिची मागणी एखाद्या तीव्र मनोविकाराच्या भरातली नाही ना, जे क्वचित असतं पण बघावं लागतं, आणि घरातून काढलं तर राहायची सोय आहे का. नैराश्य असेल तर उपचार सोबत सुरू करते. त्यासाठी पत्र अडवून ठेवत नाही. २०२० मध्ये भारतातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने या उपचारांची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय तत्त्वांच्या आठव्या आवृत्तीने शस्त्रक्रियेसाठीसुद्धा दोनऐवजी एक पत्र पुरेसं धरलं.

सर्जन लोक पत्राचा आग्रह धरतात, त्याला वैद्यकाइतकंच कायद्याचं कारण आहे. भारतीय दंड संहितेत गंभीर दुखापतीच्या यादीत पुरुषत्व नष्ट करणं पहिल्याच क्रमांकावर होतं. आता न्याय संहितेतही ते तसंच आलंय. उद्या नातेवाईक पोलिसांत गेले तर हातात कागद हवा, असा हिशेब असतो. मला तो पटत नाही असं नाही, पण मग 'तुझ्या मनाची तपासणी करायचीय' असं तिला का सांगावं? 'माझ्या संरक्षणासाठी हवंय' असं सांगावं. आणि पत्र मिळवणं जितकं अवघड, तितक्या मुली मेडिकल स्टोअरमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनाने घेतात, दिवसाला चार-चार. त्यातल्या इस्ट्रोजेनच्या प्रकाराने रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. सिगारेट ओढत असेल तर आणखी. तुमच्या भावाची मैत्रीण तसं काही घेत असेल, तर पत्राची वाट न बघता तिला डॉक्टरकडे आणा.

ओळखपत्र हा निराळा विषय, दोन्हींची गल्लत करू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवायचा हक्क मान्य केला आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही असं सांगितलं. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या २०१९ च्या कायद्याखाली २०२० मध्ये आलेल्या नियमांत जिल्हाधिकाऱ्यांनी प्रतिज्ञापत्रावरून, वैद्यकीय तपासणीशिवाय प्रमाणपत्र द्यावं असं होतं. आधीच्या मसुद्यात मानसशास्त्रज्ञाचा अहवाल मागितला होता, तो विरोधामुळे गळला. हे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी काय लागतं ते समाजकल्याण कार्यालयात किंवा नागपुरातल्या सारथी ट्रस्टसारख्या संस्थेत विचारून घ्या.

भावाच्या काळजीकडे येते. सातबाऱ्यावर चुकीची नोंद चढली की ती काढायला माणसाच्या चपला झिजतात, तशी धास्ती तुम्हाला या कागदाची वाटतेय. ती बरीचशी अनाठायी आहे. ओपीडीचा केसपेपर आपोआप कुठल्या सरकारी फाइलीत जात नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ही माहिती गोपनीय आहे आणि कलम २५ प्रमाणे स्वतःची कागदपत्रं मागायचा हक्क त्याला आहे. वैद्यकीय तपासणीत मानसिक आजाराबद्दल विचारलं तर समलिंगी असणं सांगायची गरज नाही, कारण तो आजार नाही. नैराश्यावर खरोखर उपचार घेतले असतील, तर ते मात्र लपवू नये. विम्याच्या फॉर्मवर तर नाहीच, पुढे दावा अडतो. कागद फाडू नका. एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडून आजची तपासणी करून 'सध्या कोणताही मानसिक आजार नाही' असं तारखेसह लिहून घ्या आणि दोन्ही एकत्र ठेवा.

याच कायद्याचं कलम ३ प्रत्येक घराने वाचावं असं आहे. समाजातल्या नैतिक, सामाजिक किंवा धार्मिक मूल्यांशी जुळत नाही, एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. मैत्रिणीसोबत राहायचं म्हणून घर सोडलेल्या मुलीला 'भरती करून घ्या' म्हणून आणणारे लोक मी बघितलेत. कलम ८९ प्रमाणे इच्छेविरुद्ध भरती करायला गंभीर मानसिक आजार लागतो आणि जोडीला स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याचा किंवा स्वतःची काळजी न घेता येण्याचा धोका लागतो, तोही दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून. प्रेम त्यात बसत नाही. उलट, कलम १४ प्रमाणे सज्ञान व्यक्ती आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे मानसिक उपचारांच्या निर्णयांत आपल्या बाजूने उभा राहणारा माणूस, स्वतः नेमू शकते, आणि तो नातेवाईकच असला पाहिजे असं नाही. तुमच्या भावाने हा कागद आत्ताच करून ठेवावा. तुमचं नाव घातलं तरी चालेल.

आणखी एका बाजूने हे निदान मागितलं जातं, तिचं कोणी बोलत नाही. घरच्यांच्या दबावाने लग्न केलेला समलिंगी मुलगा, फसवली गेलेली मुलगी, आणि दोन वर्षांनी मुलीचे वडील वकिलाला घेऊन येतात: नवरा मनोरुग्ण आहे असं लिहून द्या, घटस्फोट लवकर मिळेल. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे कारण आहे, म्हणून ही युक्ती. मी देत नाही. मुलीवर अन्याय झालाय यात शंका नाही, आणि तिच्यासाठी परस्पर संमतीचा किंवा फसवणुकीच्या आधाराचा रस्ता वकील दाखवू शकतो. खोटं निदान देऊन एकाची सुटका केली, तर तो कागद पुढे दुसऱ्या कोणावर तरी वापरला जातो. तुमच्या आईबाबांनी पुन्हा स्थळं बघायला सुरुवात केली असेल, तर त्यांच्याशी बोलताना त्या मुलीचा विषय आधी काढा. भावाच्या हक्कांचं न पटणाऱ्या आयांनाही 'कोणाच्या तरी पोरीचं वाटोळं' हे लगेच पटतं, असा माझा अनुभव आहे.

भावाला झोप न लागणं, जीव नकोसा वाटणं असं काही असेल, तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. भेटायला यायचं असेल तर त्याला एकट्याला यायचंय की तुमच्यासोबत, हे त्यालाच विचारा. जुना केसपेपर सोबत आणा.